सिस्टरचं जंगल

मी कामोठ्याला भाड्याचं घर बघायला गेले तेव्हा घरमालकिणीनं पहिला प्रश्न विचारला, "शूज आहेत का?"

मी पायातल्या चपलांकडे बघितलं. एजंट खाकरला. येताना रिक्षात त्यानं मला सगळं पढवून ठेवलं होतं. पाहुणे येत नाहीत म्हणायचं, मोठ्यानं गाणी लावत नाही म्हणायचं, ऑफिस बेलापूरला आहे हे दोनदा म्हणायचं. शुजांचं त्याच्याही अभ्यासक्रमात नव्हतं.

"आहेत," मी म्हटलं. "ऑफिसचे."

"म्हणजे टाचेचे. ते नाही चालायचे. रविवारी सकाळी काय करतेस?"

"झोपते."

"बरं," त्या म्हणाल्या आणि एजंटकडे वळल्या. "हिचं मी तुला रविवारनंतर सांगते."

त्या रविवारी मला वाशीहून बोरिवलीच्या बसमध्ये घालून नॅशनल पार्कात नेण्यात आलं. घर भाड्यानं घ्यायला आलेल्या प्रत्येकाला ही परीक्षा होती, हे मला मागाहून कळलं. जंगलात चालता चालता त्या एक संत्रं हातात द्यायच्या आणि पुढं चालायला लागायच्या. मागं वळून बघायच्याही नाहीत. पण सालं कुठं जातात याकडे त्यांचं पाठ फिरवूनही लक्ष असायचं. माझ्या कुर्त्याला खिसा नव्हता म्हणून मी सालं ओढणीच्या टोकाला गाठ मारून बांधली. परत येताना गेटपाशी त्यांनी ती गाठ चाचपून बघितली आणि पर्समधून किल्ली काढून दिली. माझ्या आधी आलेल्या दोन आयटीवाल्या पोरांनी ओढ्याकाठी मोबाईलवर गाणी लावली होती, ते नापास. एक बँकेतले साहेब चितळांचा कळप बघून त्यांना आपल्याकडे बघायला लावण्यासाठी टाळ्या वाजवत सुटले. त्यांना घर तर नाहीच मिळालं, परतीच्या बसमध्ये त्यांना शेजारची सीटही मिळाली नाही.

दारावर नावाची पाटी होती, पण बिल्डिंगमध्ये ते नाव कुणी घेत नसे. सगळे सिस्टर म्हणायचे. मी मराठवाड्याच्या सवयीनं मावशी म्हणून पाहिलं. "मावशी नको म्हणू," त्या म्हणाल्या. "मावशी म्हटलं की मला बेडपॅन आठवतं." सगळी नोकरी त्यांनी उपनगरातल्या एका मोठ्या हॉस्पिटलात, ऑपरेशन थिएटरमध्ये केली होती. मूळच्या चिपळूणकडच्या. लग्न केलेलं नव्हतं. का नाही केलं, असं कुणी विचारलंच तर म्हणायच्या, "ड्युट्या लागत गेल्या, राहून गेलं." लग्न म्हणजे जणू लाँड्रीत टाकलेली साडी, आणायचीच राहून गेली. रिटायर झाल्यावर त्यांनी कामोठ्यात समोरासमोर दोन छोटे फ्लॅट घेतले. एकात त्या, दुसऱ्यात पास झालेला भाडेकरू.

बांधा लहानसा, पण आवाज असा की तिसऱ्या मजल्यावरून हाक मारली तर खाली पार्किंगमधला माणूस हातातलं काम टाकायचा. कडक इस्त्रीची सुती साडी, ती घोट्याच्या वर खोचलेली, पायात शिरवण्याच्या बाजारातून घेतलेले पांढरे कॅनव्हासचे शूज. आणि नर्सेस लावतात तसं छातीवर पिनेनं उलटं टांगलेलं घड्याळ. या घड्याळाचा उपयोग वेळ बघायला कधी झाला नाही. तो फक्त नाडी मोजायला व्हायचा. जंगलात एखादं सांबर समोर आलं की आपण सांबराकडे बघावं आणि सिस्टरनी आपलं मनगट धरावं. "बघ, कशी पळतेय. दहावीच्या निकालाला तरी पळाली होती का एवढी?" त्यांचं म्हणणं असं की तोंड खोटं बोलतं, डोळे खोटं बोलतात, नाडीला अजून ते शिकवलेलं नाही.

बिल्डिंगमधल्या बायका विचारायच्या, "सिस्टर, एवढं जंगलाचं वेड, मग बोरिवलीलाच का नाही घेतला फ्लॅट? इकडं कामोठ्यात कशाला?" त्यावर सिस्टर म्हणायच्या, "माहेर शेजारी असलं की माहेरपण राहत नाही. रोज भाजी मागायला कोण जाणार?"

माहेर हा शब्द त्या उगाच वापरत नव्हत्या. नोकरीच्या सुरुवातीला नाइट ड्युटी संपली की त्या खोलीवर न जाता थेट जंगलात यायच्या. अंगाला स्पिरिटचा वास असायचा, डोक्यात रात्रीचे पेशंट. नदीच्या कडेला एका ऐनाच्या झाडाखाली बसून राहायच्या. "कोण वाचलं, कोण गेलं, ते सगळं इथं उतरवून ठेवायचे," असं त्यांनी मला एकदाच सांगितलं. तेही चालता चालता, आणि पुढच्याच वाक्यात, "तो बघ तांबट, टुकटुक करतोय, बीपी मशीन चालू राहिलंय याचं."

जंगलातल्या प्रत्येक गोष्टीचं त्यांनी निदान करून ठेवलं होतं. कांडोळाचं झाड पांढरंफटक, साल सुटलेली. "हा ॲनिमिक." पानगळीत उघडा पडलेला साग, "हा ऑपरेशनआधीचा." भृंगराज नावाचा काळा पक्षी आहे, शेपटीला दोन लांब तारा आणि तारांच्या टोकाला पिसांचे झुबके. तो बाकीच्या पक्ष्यांचे आवाज हुबेहूब काढतो. त्याच्याकडे बोट दाखवून त्या म्हणायच्या, "हा आपल्या सोसायटीचा सेक्रेटरी. स्वतःचं मत नाही. जो शेजारी बसेल त्याचा सूर." पाऊस झाल्यावर जंगलात मोठाले कोळी सोनेरी जाळी विणतात, त्यांच्याविषयी मात्र सिस्टर आदरानं बोलायच्या. "टाके बघ. असे टाके घालणारा सर्जन मी एकच बघितला."

नियम थोडे पण कडक होते. अत्तर नाही, गजरा नाही, कुरकुरे नाहीत आणि 'बिबट्या दिसेल का' हा प्रश्न नाही. जो विचारेल त्याच्या पाठीवर सगळ्यांचं पाणी. "तुझ्या घरी पाहुणा आला आणि पहिल्यांदा 'मालक कुठायत' विचारलं, तर कसं वाटेल? आधी घर तर बघ." जंगल सोमवारी बंद असतं, म्हणून सोमवारी सिस्टर पण बंद. त्या दिवशी नळ गळत असला तरी मी दार वाजवत नसे.

आणि कान्हेरी. जंगलाच्या मधोमध काळ्या डोंगरात ही लेणी आहेत, शंभरावर गुंफा, दोन हजार वर्षांपूर्वीपासून कोरत आणलेल्या. इथं भिक्खू राहायचे, शिकायचे, पावसाळ्यात चारी महिने मुक्काम ठोकायचे. आम्ही दोघी जय भीमवाल्या, त्यामुळं मोठ्या चैत्यात शिरताना आपोआप आवाज खाली यायचा, हात जोडले जायचे. उंच स्तूपासमोर सिस्टर डोळे मिटून उभ्या राहायच्या, त्रिशरण म्हणायच्या. मात्र तिथून बाहेर पडल्या की त्यांच्यातली घरमालकीण जागी व्हायची.

"ही बघ. वन आरके. बाहेर ओटा, आत झोपायचा कट्टा, कट्ट्याला दगडाचीच उशी. दाराशी स्वतःची पाण्याची टाकी. टँकर नाही, मीटर नाही. पागोळ्यांचं पाणी चर खोदून टाकीत सोडलंय. आणि आमच्या बिल्डिंगला अजून गच्चीचं पाणी कुठं सोडायचं ते ठरत नाही."

एक मोठी गुंफा आहे, आत लांबच लांब दगडी बाकं. "हा सोसायटीचा हॉल. जनरल बॉडी इथं." मी विचारलं, भांडणं होत असतील का. "होणारच. माणसं होती ना ती. पण पार्किंगचं भांडण नसेल."

कल्याणच्या, सोपाऱ्याच्या व्यापाऱ्यांनी ही लेणी कोरायला दानं दिली, तशी बायकांनीही दिली, भिक्खुणींनीसुद्धा. भिंतीवर तसं लिहून ठेवलंय. ती अक्षरं आम्हाला दोघींनाही वाचता यायची नाहीत, पण सिस्टर त्यांच्यावरून बोटं न लावता हात फिरवायच्या. "बाईनं घर दिलं आणि वर नाव लागलं. विचार कर," एवढंच म्हणायच्या. मग माझा फोटो काढ म्हणायच्या, गुंफेच्या दारात, एक हात कमरेवर. अगदी मालकीणच.

अशा बाईच्या हातात माझं लग्न सापडलं.

त्याचं झालं असं की आईला जाऊन तेव्हा काही वर्षं झाली होती, आणि बाबा लातूरला एकटे होते. एसटीत कंडक्टर होते. नोकरीत असताना दिवसभर बोलायचे, रिटायर झाल्यावर घरात बोलायचे, आई गेल्यावर बोलायचेच थांबले. फोनवर 'जेवलीस का' आणि 'बरंय' एवढंच. एक दिवस मात्र त्यांनी आपण होऊन फोन केला. सीवूड्सचं एक स्थळ आलं होतं. मुलगा सुमेध, खारघरच्या एका कंपनीत नोकरीला, वडील नाहीत, आई पोस्टातून रिटायर झालेली. "तू बघून घे," बाबा म्हणाले. "मला यातलं काय कळतंय बाई. तुझी आई असती तर गोष्ट येगळी."

मी हे सिस्टरना सांगितलं, कारण मला त्यांच्या घरातले चार कप हवे होते. मुलाकडचे माझ्याकडे येणार होते.

"कप कशाला? चहा पिऊन माणूस कळतो का?" सिस्टर म्हणाल्या. "नंबर दे."

त्यांनी सरळ सुमेधच्या आईला फोन लावला. मी समोर उभी राहून हातानं नाही नाही करत होते.

"बघण्याचा कार्यक्रम जंगलात ठेवलाय," सिस्टर म्हणाल्या.

"जंगलात?" पलीकडून आवाज आला. "अहो, आम्हाला मुलगी बघायचीय."

"मग? तीच मुलगी जंगलात येईल. उजेडही चांगला असतो."

दिवाळी नुकतीच झाली होती. बाबा ट्रॅव्हल्सच्या गाडीनं कळंबोलीला उतरले, पांढरा शर्ट, हातात कापडी पिशवी. पिशवीत स्टीलचा डबा. मी विचारलं काय आहे, तर दुसरीकडे बघत म्हणाले, "बेसनाचे लाडू केलेत. तुझी आई करायची तसे. बिघडले असतील." बाबांनी आयुष्यात कधी गॅसजवळ जाऊन चहासुद्धा केला नव्हता. मी डबा उघडला नाही, पण तुपाचा वास पिशवीबाहेर येत होता.

सुमेध आणि त्याची आई पार्काच्या गेटवर भेटले. त्याची आई गर्भरेशमी साडी, अंबाड्यावर भला मोठा गजरा आणि उन्हासाठी छत्री अशा थाटात. सुमेधच्या पायात नवे कोरे बूट. ते चावत होते हे त्याच्या चालण्यावरून कळत होतं. सिस्टरनी गजऱ्याकडे बघितलं आणि नमस्काराच्याही आधी म्हणाल्या, "हा काढा. मधमाश्या मागं लागतात." त्या बाईंनी बिचाऱ्यांनी गजरा काढून पर्समध्ये ठेवला. मी जमिनीकडे बघत होते. बसमध्ये बसून कान्हेरीकडे निघालो, आणि पहिल्याच वळणावर सुमेधनं बाहेर बघत उत्साहानं विचारलं, "बिबट्या दिसेल का?"

सिस्टर माझ्या कानाशी वाकल्या. "पाणी याच्याकडे."

कान्हेरीच्या पायऱ्यांवर लाल तोंडाची माकडं बसलेली असतात. त्यातलं एक मधोमध बसलं होतं, वयस्कर, कंटाळलेलं. बाबा त्याच्या बाजूनं जायला लागले तसं त्यानं हात पुढं केला आणि पिशवी घेतली. हिसकावली म्हणता येणार नाही. एसटीत बाबा प्रवाशाच्या हातातून नोट घ्यायचे तशी घेतली, न बघता, न बोलता. आणि खडकावरून वर निघून गेलं.

बाबा रिकामा हात तसाच पुढं धरून उभे राहिले. "जाऊ द्या," म्हणाले. मला त्यांच्याकडे बघवेना.

तेवढ्यात सुमेध पळाला. पाठीवर सगळ्यांचं पाणी, पायात चावरे बूट, आणि तो त्या माकडामागं झाडीत घुसला. पाच पावलांवर दोन झाडांमध्ये भलंमोठं सोनेरी जाळं होतं. तो तोंडानंच त्यात शिरला. पुढं जे ओरडणं ऐकू आलं ते मी तोवर फक्त जत्रेतल्या पाळण्यात बसलेल्या लोकांचं ऐकलं होतं. हातांनी तोंड झाडत तो बाहेर आला, चेहरा पांढराफटक.

सिस्टर मला हळूच म्हणाल्या, "ॲनिमिक. डिस्चार्ज देऊन टाक."

मीही मनातल्या मनात देऊन टाकला होता. आता फक्त दिवस नीट पार पडावा, बाबांना वाईट वाटू नये, एवढंच होतं. आम्ही वर चढलो. सिस्टर सुमेधच्या आईला टाक्या दाखवत होत्या, वन आरके दाखवत होत्या. त्या बाई 'हो का, हो का' करत साडी सावरत होत्या. त्यांनाही हे स्थळ मनातून उतरलेलं दिसत होतं. अगदी वरच्या अंगाच्या एका छोट्या गुंफेशी पोचलो तेव्हा खालच्या झाडीतून एकदम आवाज उठला. खॉक खॉक, मग किंकाळ्या, फांद्या मोडल्यासारखा कडकडाट.

सिस्टरनी हात वर केला. सगळे थांबले.

"अलार्म कॉल," त्या म्हणाल्या. "बिबट्या हिंडत असला की माकडं असा गलका करतात. सगळे आत. मी सांगेपर्यंत कुणी हलायचं नाही."

ऑपरेशन थिएटरमधला आवाज होता तो. आम्ही निमूट आत शिरलो. पुढं दोन खांबांची पडवी, आत एक खोली, तिला कट्टा. सुमेधच्या आई कट्ट्याच्या कडेवर टेकल्या. साडी मळेल म्हणून आधी नुसत्या टेकल्या. मग नीट बसल्या. मग पाय वर घेतले. मग, "जरा पाठ टेकते," म्हणून दगडी उशीवर डोकं ठेवलं. आणि झोपल्या. पहाटेपासून त्या तयार होत असणार. थोड्याच वेळात घोरायला लागल्या, आणि दोन हजार वर्षांच्या त्या गुंफेनं ते घोरणं असं काही घुमवलं की बाहेर बिबट्या असता तर तोच घाबरून तुळशी तलावापर्यंत पळाला असता.

मी वळून बघितलं तर बाबांचे खांदे हलत होते. मला वाटलं रडतायत. लाडवांचं दुःख आता बाहेर पडतंय. मी जवळ जाऊन खांद्यावर हात ठेवला. बाबा हसत होते. आवाज न करता, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत.

"तुझी आई बी असंच घोरायची," ते कसंबसं म्हणाले. "अन् सकाळी म्हनायची, मी? मी कुठं, तुमीच घोरता. तीस वर्सं कबूल केलं न्हाई बघ तिनं."

मग ते बोलायला लागले. आई लाडू वळताना कशी मोजून काजू लावायची, पहिल्यांदा एसटीत बसली तेव्हा नवऱ्याकडूनच तिकीट घेणार नाही म्हणून कशी अडून बसली, हे सगळं. आई गेल्यापासून बाबांनी तिचं नावही काढलं नव्हतं. सिस्टर समोरच्या भिंतीला टेकून बसल्या होत्या आणि मधूनच विचारत होत्या, "मग? तिकीट घेतलं का?" बाबांना पुढं बोलत ठेवायला एवढं पुरत होतं.

या सगळ्यात सुमेध कुठं आहे याची आठवण मला उशिरा आली. तो पडवीत होता. दोन खांबांच्या मध्ये, बाहेर तोंड करून, आईची मिटलेली छत्री दोन्ही हातांत दांडक्यासारखी धरून. सिस्टर उठल्या, त्याच्याशेजारी गेल्या आणि त्यांनी त्याचं मनगट धरलं. उलटं घड्याळ बघितलं.

"बापरे," त्या म्हणाल्या. "भीती वाटतेय?"

"हो."

"मग आत ये की. बाकीचे सगळे आत आहेत."

"मग इथं कोण बसणार?" सुमेध म्हणाला.

सिस्टरनी मनगट सोडलं, आत आल्या आणि मला म्हणाल्या, "जा. बाहेर हवा चांगली आहे."

मी गेले. मुलाला विचारायचे प्रश्न मी ठरवून आणले होते, ते एकही आठवेना. शेवटी तोच म्हणाला, "एक विचारू का? खरं सांगा. तो कोळी अजून माझ्या तोंडावर आहे का?"

त्यामुळं मला त्याच्याकडे बघावं लागलं. सकाळपासून मी त्याचे बूट बघितले होते, पाठ बघितली होती, चेहरा बघितलाच नव्हता. कोळी नव्हता. पण जाळ्याचा एक धागा त्याच्या भुवईला अडकला होता आणि उन्हात चमकत होता. "थांबा," मी म्हटलं आणि तो काढला. तुटता तुटत नव्हता. चिवट असतो तो धागा, मला बराच वेळ लागला.

आतलं घोरणं थांबलं. सुमेधच्या आई उठून बसल्या, केस सारखे केले आणि कट्ट्यावर हात फिरवून म्हणाल्या, "इतकी गाढ झोप मला सीवूड्सला आल्यापासून लागली नाही. काय गार आहे हो हा दगड."

"क्रॉस व्हेंटिलेशन," सिस्टर म्हणाल्या. "निघू या आता. धोका टळला."

साखरपुड्याच्या दिवशी कामोठ्याच्या स्वयंपाकघरात मी आणि बाबा ताटं लावत होतो तेव्हा सिस्टर आत आल्या आणि वाटीतला लाडू उचलून म्हणाल्या, "त्या दिवशी बिबट्या नव्हता हं."

"मग?" मी विचारलं.

"माकडं भांडत होती. डबा उघडला होता त्यांनी. एवढ्या वर्षांत मला भांडणाचा आवाज आणि भीतीचा आवाज वेगळा कळत नाही होय? पण तुम्ही सगळे तोंडं पाडून घरी चालला होतात. म्हटलं, थोडा वेळ पेशंट निरीक्षणाखाली ठेवावेत." मग बाबांकडे वळून म्हणाल्या, "मी लांबून बघितलं. एकेका लाडवावर चार चार तुटून पडली होती. बिघडलेल्या लाडवावर कुणी एवढं भांडत नाही."

बाबांनी ते ऐकलं आणि पुन्हा ताटं लावायला लागले. पण नंतर जेवायला बसलेल्या प्रत्येक पाहुण्याला त्यांनी आपल्या हातानं दोन दोन लाडू वाढले आणि प्रत्येकाला माकडांची मारामारी सांगितली. प्रत्येक वेळी माकडं वाढत गेली.

लग्न नेरूळच्या एका हॉलमध्ये झालं. आहेर म्हणून सिस्टरनी दुर्बीण दिली. मला नाही, सासूबाईंना. मला वाटलं चुकून दिली असेल. ती चूक नव्हती हे पुढच्या रविवारी कळलं. आम्ही नवीन जोडपं उशिरा उठलो तर सासूबाई घरात नाहीत. टेबलावर झाकलेले पोहे, आणि फोन केला तर कुजबुजत म्हणाल्या, "ठेव, समोर फांदीवर स्वर्गीय नर्तक बसलाय."

तेव्हापासून दर रविवारी हेच. माझं आणि सुमेधचं लग्न जमलं असं लोक म्हणतात. खरं जमलं ते त्या दोघींचं. एकीनं आयुष्यभर पेशंट उलटेपालटे केलेले, दुसरीनं काउंटरमागं बसून माणसांची कटकट ऐकलेली. दोघींनाही आता अशा ठिकाणी जायचं होतं जिथं कुणी 'ओ मॅडम' म्हणणार नाही. स्वतःला शूज घ्यायला सासूबाई सिस्टरना सीवूड्सच्या मॉलमध्ये घेऊन गेल्या. सिस्टरनी त्याआधी मॉलमध्ये पाऊल ठेवलं नव्हतं. आत शिरल्या शिरल्या त्यांनी कुंडीतल्या एका झाडाचं पान चिमटीत धरून बघितलं, आणि तिथल्या सिक्युरिटी गार्डला बाजूला घेऊन खालच्या आवाजात, नातेवाइकाला सांगतात तसं सांगितलं, "हे सगळे आधीच गेलेत. कुणाला कळवलंय का?"

मग मधे सिस्टरचे गुडघे गेले. एकाचं ऑपरेशन झालं. थिएटरमध्ये टेबलावर झोपून त्यांनी तिथल्या नर्सला ट्रे चुकीच्या बाजूला ठेवलाय म्हणून सांगितलं, आणि गुंगी चढेपर्यंत सूचना देत राहिल्या. डॉक्टरांनी चढ बंद म्हणून सांगितलं. बरेच महिने रविवार कामोठ्यात गेला. सासूबाई जंगलात एकट्या जायच्या नाहीत. सकाळी त्या कामोठ्याला जायच्या आणि दोघी खिडकीतून कावळे बघत बसायच्या. सिस्टर त्यांचंही निदान करायच्या, पण त्यात जीव नसायचा.

आणि मग कारवी फुलली. कारवी म्हणजे डोंगरउतारावर दाटीनं उगवणारं झुडूप. सात वर्षं नुसतं हिरवं वाढतं, कुणी ढुंकून बघत नाही, आणि आठव्या वर्षी पावसाच्या अखेरीला सगळा डोंगर एकदम जांभळा होतो. बी धरलं की झाड मरून जातं. गेल्या खेपेला फुलली तेव्हा सिस्टर एकट्याच जाऊन बघून आल्या होत्या. या खेपेला त्यांनी फोन केला तो सुमेधला. "तुझी गाडी काढ. डॉक्टरला सांगू नको."

आम्ही चौघं गेलो. वरपर्यंत गाडीनं, पुढचं थोडं चालत. एका बाजूनं सुमेधनं धरलं, दुसऱ्या बाजूनं सासूबाईंनी. सिस्टर प्रत्येक पायरीला त्या दोघांनाच, "श्वास घ्या, घाई नाही," म्हणत होत्या. वळण ओलांडलं आणि समोरचा अख्खा उतार जांभळा, वर धुकं आणि मधमाश्यांचा असा गुंजारव की तो कानांपेक्षा छातीतच जास्त ऐकू यावा. मी सिस्टरच्या तोंडाकडे बघत होते, आता काय निदान करतात म्हणून. त्यांनी काहीच केलं नाही. एका दगडावर बसल्या, चष्मा काढून पदरानं पुसला, पुन्हा लावला.

मग म्हणाल्या, "आता परत आठ वर्षांनी."

हिशेब आम्ही सगळेच मनात करत होतो. सत्तरी त्यांनी कधीच ओलांडली होती, सासूबाईही जवळ आल्या होत्या.

सिस्टर माझ्याकडे वळल्या. "तेव्हाच्या रविवारी दुसरं काही ठरवू नकोस."

"नाही ठरवत," मी म्हटलं.

सासूबाईंनी पर्समधून मोबाईल काढला, चष्मा नाकावर खाली घेतला आणि अगदी काउंटरवर बसल्यासारखं विचारलं, "सप्टेंबर टाकू की ऑक्टोबर?"

सिस्टरनी धुक्याकडे बघून थोडा विचार केला. "सप्टेंबर," त्या म्हणाल्या. "पहिला रविवार नको, दुसरा टाक. पहिल्याला गर्दी असते."